पीएफएन (मांडीच्या हाडाच्या पोकळीत घालायचा नेल) आत गेला की फ्रॅक्चर वॅरसमध्ये (मान आणि शाफ्टमधला कोन कमी होऊन) का जातं?

ऑर्थो_रेसिडेंट: इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर (मांडीच्या हाडाचं, खुब्याजवळचं), ३१-ए२ (एओ वर्गीकरणातला अनेक तुकड्यांचा प्रकार). टेबलवर ट्रॅक्शन आणि इंटर्नल रोटेशन दिलं की सी-आर्मवर (ऑपरेशनमधल्या एक्स-रेवर) रिडक्शन, म्हणजे तुकड्यांची जुळणी, चांगलं दिसतं. नेल सरकवला की नेक-शाफ्ट अँगल १३० वरून १२० अंशांवर येतो आणि स्क्रूची वायर डोक्यात वर चढते. चूक नेमकी कुठे? अशा वेळी डीएचएस (बाहेरून प्लेट आणि डोक्यात सरकता स्क्रू) बरा का?

खुबा_सर्जन: बहुतेक वेळा एंट्रीत, म्हणजे नेल हाडात शिरतो त्या जागेत. ए२ मध्ये फ्रॅक्चरची रेघ अनेकदा ट्रोकँटरच्या (खुब्याबाहेरच्या हाडाच्या उंचवट्याच्या) टोकाजवळूनच जाते. तिथे रीमर (हाड पोखरणारा ड्रिल) दाबून घातला तर हाड कापलं जात नाही, दोन तुकड्यांतली फट रुंदावते. जाडजूड नेल त्या फटीत पाचरीसारखा बसतो: शाफ्ट बाहेर ढकलला जातो, डोकं-मानेचा तुकडा आत झुकतो. शिवाय कमरेवरचं मांस रीमरला बाहेर रेटतं, म्हणून एंट्री आपोआप लॅटरल (बाहेरच्या बाजूला) होते.

एंट्री टोकावर किंवा २-३ मि.मी. मीडियल (आतल्या बाजूला) घ्या, लॅटरल व्ह्यूमध्ये (बाजूने घेतलेल्या एक्स-रेत) वायर कॅनॉलच्या (हाडातल्या पोकळीच्या) सरळ रेषेत हवी. पाय १०-१५ अंश अॅडक्शनमध्ये (आत वळवलेला), धड दुसऱ्या बाजूला कलतं. त्वचेवरची चीर टोकापासून ४-५ सें.मी. वर घ्या, स्थूल पेशंटमध्ये आणखी वर. रीमर हाडाला टेकण्याआधीच फिरता ठेवा, दाब कमी, गती सावकाश. त्या वेळी असिस्टंटने ट्रोकँटर बाहेरून आत दाबून धरायचा. नेल हाताने, थोडा थोडा फिरवत घालायचा. हातोडी लागत असेल तर थांबा, कुठेतरी अडकलाय.

ट्रॉमा_पुणे: वरचं सगळं बरोबर, पण 'रिडक्शन चांगलं दिसतं' हे एपी (समोरून घेतलेल्या) व्ह्यूवरून म्हणताय का? लॅटरल नीट बघा. शाफ्ट मागे झुकलेला असतो, त्याला मांडीखालून आधार देऊन उचलावं लागतं. वरच्या तुकड्याचा पुढचा कॉर्टेक्स (हाडाचं कठीण कवच) शाफ्टच्या कॉर्टेक्सच्या मागे गेला असेल तर पुढे जाऊच नका. दोन सें.मी.ची चीर देऊन बोन हुक किंवा आर्टरी फोर्सेप्सच्या टोकाने तो तुकडा उचला. नेल रिडक्शन टिकवतो, करून देत नाही.

ऑर्थो_रेसिडेंट: लॅटरलमध्ये मागे झुकलेलं आहे, खरंय. डीएचएसचं काय?

खुबा_सर्जन: ए१ मध्ये (साध्या, दोन तुकड्यांच्या फ्रॅक्चरमध्ये) शाफ्टची बाहेरची भिंत शाबूत असेल तर डीएचएस उत्तम, स्वस्तही. इनॉमिनेट ट्यूबरकलच्या (ट्रोकँटरवरच्या छोट्या उंचवट्याच्या) ३ सें.मी. खाली, १३५ अंशांच्या रेषेत फ्रॅक्चरच्या रेघेपर्यंत भिंतीची जाडी मोजा. २०.५ मि.मी.पेक्षा कमी भरली तर लॅग स्क्रूच्या (डोक्यात जाणाऱ्या जाड स्क्रूच्या) रीमिंगमध्येच ती फुटायची भीती. मग शाफ्ट आत सरकतो आणि स्क्रू गरजेपेक्षा जास्त घसरतो. ए३ (रेघ बाहेरच्या भिंतीतून जाणारा प्रकार), विशेषतः रिव्हर्स ऑब्लिकमध्ये (उलट्या तिरक्या रेघेत) डीएचएस लावू नये.

इम्प्लांट कोणताही असो, टिप-अपेक्स डिस्टन्स (स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतचं अंतर) २५ मि.मी.च्या आत हवा. एपी आणि लॅटरल दोन्ही मोजून, मॅग्निफिकेशन वजा करून बेरीज. स्क्रू डोक्याच्या मध्यभागी, एपीत किंचित खाली चालेल, वर नको. दोन स्क्रूंच्या नेलमध्ये वरचा स्क्रू खालच्यापेक्षा साधारण १० मि.मी. आखूड ठेवा. वरचाच लांब राहिला तर डोक्याचा भार त्याच्यावर येतो आणि झेड-इफेक्टमध्ये तो सांध्यात घुसू शकतो.

ट्रॉमा_पुणे: एक राहिलं. डिस्टल लॉकिंगआधी (नेलच्या खालच्या टोकाला स्क्रू लावण्याआधी) ट्रॅक्शन सैल करा, नाहीतर फट तशीच लॉक होते.