अनुभव धागा: दिवाळीची आवराआवर आणि धरलेली कंबर

सातारकरीण
सकाळपासून वरच्या मजल्यावर डबे-पातेली ओढल्याचे आवाज चाललेत, माळा उतरवतायत बहुतेक. त्यावरून आईचा बंब आठवला. दिवाळीआधी तो अडगळीतून काढायचा, चिंचेनं घासायचा आणि नरकचतुर्दशीला त्यातलंच पाणी. एका वर्षी आईनं तो एकटीनं उचलला, मोरीकडे वळली आणि पाठीत कट्ट! तशीच वाकलेली राहिली. आजी ओरडतेय "अगं ठेव खाली", पण ठेवायलाही वाकता येईना. शेवटी काकांनी हातातून काढून घेतला. त्या दिवाळीला करंज्या आजी आणि शेजारच्या काकूंनी केल्या, आई पलंगावरून सूचना देत होती.
तुमच्याकडे कुणाची कंबर कशानं धरली? काय केलं की वाचते, तेही लिहा.

गच्चीवाली
गाद्या!!! कापसाच्या. डोक्यावर घेऊन तीन जिने. आता गाद्या गॅलरीच्या कठड्यावर, गच्चीवर फक्त उशा जातात. सासूबाईंना पटलेलं नाही.

मधल्याआळीतला
आमच्या बंधुराजांची कंबर दरवर्षी जळमटं काढायच्या दिवशी धरते आणि फराळाचं ताट आलं की सुटते. औषध : चिवडा.

सातारकरीण
हाहा, ही जात घरोघरी आहे.

फिजिओ_मीनल
सातारकरीण, आईंचं अगदी ठरलेलं. नुसत्या वजनानं होत नाही तेवढं वाकून वळल्यानं होतं. वाकलेल्या कमरेला पीळ बसला की मणक्यांमधल्या चकतीवर ताण येतो. वस्तू पोटाशी घ्या, गुडघ्यातून उठा, सरळ उभं राहा आणि मग पावलं टाकून वळा.
दुसरं, उठल्याउठल्या वाकायची कामं नकोत. रात्रभर आडवं असल्यानं चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की ताण जास्त. आणि आपण नेमकं काय करतो? पहाटे चारला उठून बादल्या, सडा, रांगोळी.

अर्धाकपचहा
म्हणूनच मी रांगोळी आदल्या रात्री काढते. मुलं पाय देतात ते वेगळं.

कुडाळचो
आमच्यात कंबर चवथीक मोडता. शाडूची मूर्ती चित्रशाळेतून डोक्यावरून आणायची, आणि शाडू पीओपीपेक्षा किती जड ते उचलणाऱ्यालाच माहीत. पण चालताना काही होत नाही, उतरवताना होतं. डोक्यावरून थेट पाटावर म्हणजे हात पुढे, कंबर वाकलेली, आणि सोडता तर येत नाही, देव आहे! आता मधे उंच टेबल ठेवतो. आधी टेबलावर, मग दोघांनी मखरात. माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधताना मान वर करून करून जी अवघडते तिच्यावर मात्र उपाय गावलो नाय.

गच्चीवाली
माटवीला कवंडळाची फळं अजून मिळतात का तुमच्याकडे?

कुडाळचो
मिळतत. बाजारात भाव विचारू नका.

विहीणबाई
इतके प्रतिसाद आले आणि पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस) कुणालाच आठवला नाही? उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा. माझी आत्या पायाळू. दिवाळीच्या आठवड्यात तिच्या दारात रांग, आणि ती तळणीसमोरून उठून पाय लावून परत तळणीला. उतरायची बरं का.

फिजिओ_मीनल
हळूच पाय टेकवला तर बिघडत नाही, लाथ मात्र नको. साधी उसण बहुतेकदा आपसूकच उतरते, श्रेय आत्यांना मिळतं. झोपून मात्र राहू नका, जमेल तेवढं चालतं राहा. पण पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर पायाळू नको, पट्टा नको, तडक इस्पितळ. त्यात रात्र काढायची नसते.

विहीणबाई
हे माहीत नव्हतं. आमच्या ग्रुपवर टाकते.

टोरांटोकर
इकडे दिवाळी झाली की बर्फाचं फावडं. ओला बर्फ भयंकर जड. शेजारच्या आजोबांनी शिकवलं : उचलायचा नाही, ढकलायचा. उचलावा लागलाच तर फावडं अर्धंच भरायचं, आणि खांद्यावरून मागे भिरकवायचा नाही. म्हणजे मीनलताई म्हणतात तेच.

मधल्याआळीतला
गॅस सिलिंडर राहिला. आत गॅस १४.२ किलो, वर टाकीचं वजन, म्हणजे ३० किलोच्या घरात. तो हिरोगिरी करत उचलू नये, तिरका करून खालच्या कडेवर फिरवत न्यावा. (बंधुराज हे वाचत असतील तर : तुलाच सांगतोय.)

पितळीसोऱ्या
@सातारकरीण, तो बंब अजून आहे का? विकणार असाल तर विपू (निरोप) करा.

सातारकरीण
आई मला विकेल, बंब नाही.

अर्धाकपचहा
चकल्यांबद्दल कुणी बोलेना. जमिनीवर बसून सोऱ्या दाबला की खांद्यापासून माकडहाडापर्यंत सगळं बोलतं. मी ओट्याशी उभी राहून, एक पाय पाटावर ठेवून पाडते, मधेमधे पाय बदलते. बराच फरक पडतो.

पितळीसोऱ्या
पीठ घट्ट असेल तर कशानंच फरक पडत नाही. गरम पाण्याचा हात लावून परत मळा, आणि दाब्याचा सोडून पिळाचा सोऱ्या घ्या.

अर्धाकपचहा
मऊ केलं की काटे येत नाहीत. भाजणी काय घेता?

पितळीसोऱ्या
तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ १. धने-जिरे अंदाजानं.

विहीणबाई
पोहे नाही घालत??