शार्लमेनचं साम्राज्य एवढ्या लवकर कसं काय फुटलं?

दादर_स्लो: रोज लोकलमध्ये युरोपचा इतिहास वाचतोय आणि एका गोष्टीवर अडकलोय. 800 च्या नाताळला रोममध्ये पोप लिओ तिसरा फ्रँक लोकांचा राजा शार्लमेनला सम्राट म्हणून मुकुट घालतो आणि 843 ला व्हर्दूनच्या तहात त्याचेच तीन नातू राज्याचे तीन तुकडे करून मोकळे. व्हायकिंग म्हणजे उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंच्या हल्ल्यांमुळे झालं का हे?

गिरगावची_माई: नाही रे, व्हायकिंग मुख्य कारण नाहीत. फ्रँक राजघराण्यात राज्य म्हणजे घरची इस्टेट, सगळ्या मुलांना हिस्सा. आमच्या चाळीत आजोबांच्या दोन खोल्यांवरून काका-बाबांचं जे झालं ना, अगदी तसंच. शार्लमेनला सगळं मिळालं कारण भाऊ कार्लोमान 771 ला वारला. त्याने स्वतः 806 मध्ये तीन मुलांत वाटणी लिहून ठेवली होती, पण त्यातले दोघे 810 आणि 811 ला गेले म्हणून एकटा लुई उरला. म्हणजे राज्य एकसंध राहिलं ते मरणांमुळे, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. लुईची तीन मुलं मात्र जगली, त्यात चार्ल्स दुसऱ्या बायकोचा, त्याला हिस्सा द्यायला गेला आणि थोरल्या मुलांनी बापालाच 833 मध्ये गादीवरून उतरवलं.

सरंजाम_वाचक: माईंचं पटलं, पण सरदारांना विसरू नका. शार्लमेनच्या सॅक्सन लोकांशी 772 ते 804 लढाया चालल्या, लूट आणि नवी जमीन येत होती तोवर काउंट म्हणजे सरदार लोक खुश. विस्तार थांबल्यावर राजाकडे वाटायला नवीन काही उरलं नाही, मग भाऊ आपसात भांडताना सरदारांना आपल्या बाजूला ओढायला जमिनी देत गेले आणि त्या हळूहळू वंशपरंपरागत झाल्या. शिवाजी महाराजांनी वतनं देण्यावर लगाम का ठेवला आणि राजारामांच्या काळात ती पुन्हा का द्यावी लागली, हे ज्याने वाचलंय त्याला हे लगेच कळेल.

दादर_स्लो: मग पुन्हा एकत्र झालंच नाही का?

गिरगावची_माई: झालं की, आणि परत तसंच! बाकीचे वारस मेले म्हणून 884 पर्यंत जवळपास सगळं जाड्या चार्ल्सकडे आलं (हा वेगळा चार्ल्स, लुईचा नातू). पण व्हायकिंगांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा त्याने लढायचं सोडून पैसे दिले, आणि 887 मध्ये त्याला हटवलं. व्हायकिंग इथे येतात बघ, घर आधीच पोखरलेलं असताना. आणि व्हर्दूनच्या तहात लुईच्या थोरल्या मुलाला, लोथारला मिळालेला मधला पट्टा नकाशावर नक्की बघ, त्याच्या मुलाच्या नावावरूनच आजचं लोरेन.