मदत हवी आहे: चॉकलेट मूस पातळच राहिलंय, उद्या संध्याकाळी पाहुणे

कैरीची_डाळ
प्लीज लवकर सांगा कुणीतरी. सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवलंय आणि अजून बासुंदीसारखं पातळ आहे. वर चॉकलेटचे बारीक खडे दाताखाली येतायत. व्हिडिओतल्या बाईचं दोन तासांत चमचा उभा राहील असं झालं होतं. मीही तेच केलं. क्रीम फेटलं, चॉकलेट वितळवून घातलं, ठेवलं. उद्या बारा माणसं येणार आहेत, काचेचे छोटे ग्लासही आणून ठेवलेत. आहे त्याचंच काय करता येईल ते सांगा. नवीन रेसिपी नको.

पोळपाट_लाटणं
कोणतं क्रीम? कोणतं चॉकलेट? अंडं आहे का त्यात? प्रमाण काय? एवढं तरी लिहा हो, नाहीतर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

कैरीची_डाळ
क्रीम म्हणजे क्रीम, साधं पाकिटातलं. चॉकलेट बेकिंगचं.

बेकरीवाला_काका
साधं पाकिटातलं म्हणजे फ्रेश क्रीम. पाकीट फिरवून फॅट किती टक्के लिहिलंय वाचा. २०-२५ असेल तर ते शाही पनीरला ठीक आहे, रात्रभर फेटलंत तरी फुगणार नाही. हवा धरून ठेवायला निदान ३० टक्के फॅट लागतं, ३५ असेल तर सोन्याहून पिवळं. मी स्वतः नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वापरतो, केकवाल्यांचं. आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली काढायचं, थोडा बर्फ शिल्लक असतानाच बीटर लावायचा. हमखास उभं राहतं.

ल्योनची_लेक
काका, नॉन-डेअरी म्हणजे वनस्पती तेल आणि साखर फेटून खाणं. त्याला मूस म्हणू नका. इथे फ्रान्समध्ये घरोघरी क्रीम न घालताच करतात. २०० ग्रॅम डार्क चॉकलेटला ६ अंडी. बलक चॉकलेटमध्ये मिसळायचे, पांढरं घट्ट फेटून तीन वेळा थोडं थोडं करून हलक्या हाताने घालायचं, रात्रभर फ्रिज. चिमूटभर मीठ. दुसरं काहीही नाही.

पोळपाट_लाटणं
आणि कच्ची अंडी? आपल्याकडे मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात ट्रे ठेवलेले असतात. साल्मोनेला नावाचा जंतू माहीत असेलच.

ल्योनची_लेक
माहीत आहे, म्हणूनच ताजी अंडी आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं असं सांगतात. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना देत नाहीत. बाकी इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खातायत.

कैरीची_डाळ
अंडं चालणारच नाही. सासरची मंडळी माळकरी आहेत. जिलेटिनही नको. पाकिटावर २५ टक्के आहे. पण व्हिडिओत तिनेही हेच पाकीट फोडलं होतं, मी तीनदा बघितलाय!!

बेकरीवाला_काका
पाकीट तेच फोडतात, भांडं मागून दुसरं येतं.

माजघर
सोपं आहे. चायना ग्रास घाला. माझ्या नणंदेकडे सगळी पुडिंगं त्यातच होतात. पाव वाटी पाण्यात विरघळवून त्यात ओतायचं. अर्ध्या तासात घट्ट. त्यावर हिरवा ठिपका असतो, माळकऱ्यांनाही चालतं.

पिपेट
थांबा, ते ओतू नका. चायना ग्रास पूर्ण उकळल्याशिवाय विरघळत नाही, आणि ३५-४० अंशांवर आला की लगेच धरतो. फ्रिजमधल्या थंड मिश्रणात पडला की ढवळेपर्यंतच त्याचे दोरे होतील. खडे आहेत, त्यात दोऱ्यांची भर.

कैरीताई, चार गोष्टी हव्यात: क्रीम आणि चॉकलेट वजनाने किती, चॉकलेट कसं वितळवलं, कशाने फेटलं, आणि राहता कुठे?

माजघर
आमच्याकडे कधी दोरे झाले नाहीत.

पिपेट
कारण तुमच्याकडे दूध गरम असताना घालत असणार.

कैरीची_डाळ
क्रीम ५०० मिली. चॉकलेट कंपाउंडच्या स्लॅबचा तुकडा, १०० ग्रॅमच्या आसपास. पिठीसाखर चार चमचे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर भांडं ठेवलं. मिक्सरमधून फिरवलं. अकोल्याला राहते, पण त्याचा इथे काय संबंध?

वऱ्हाडी_ठेचा
संबंध?? ताई, मे महिन्यात अकोल्यात दुपारी नळाले जे पाणी येते त्यात डायरेक्ट चहापत्ती टाकाव लागते. तुमी क्रीम फेटून राह्यले!

ल्योनची_लेक
कंपाउंड म्हणजे चॉकलेट नव्हेच. घटकांत कोको बटर लिहिलंय की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, ते बघा. खाल्ल्यावर टाळूला चिकटून बसतं ते हेच.

बेकरीवाला_काका
बाई, कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. अकोल्याच्या स्वयंपाकघरात तुमचं शुद्ध चॉकलेट ओट्यावर ठेवल्या ठेवल्या वितळेल. कंपाउंड जरा जास्त तापमानापर्यंत टिकतं, म्हणून इकडचे सगळे केकवाले तेच वापरतात. ल्योनमध्ये बसून बोलणं सोपं आहे.

पिपेट
तुमचं भांडण चालू द्या. मी कैरीताईंना उत्तर देतो.

घट्ट न होण्याचं कारण साधं आहे. तुमच्या ५०० मिली क्रीममध्ये सव्वाशे ग्रॅमच्या आसपास फॅट आहे, बाकी बहुतेक पाणी. १०० ग्रॅम चॉकलेटने त्यात जेमतेम तीसेक ग्रॅमची भर पडली. फेस उभा राहतो तो थंडीने घट्ट झालेल्या फॅटच्या कणांवर. एक तर ते कमी, त्यात मिक्सरचं पातं कापतं जास्त, हवा भरतं कमी, आणि फिरता फिरता गरमही करतं. क्रीम ८-१० अंशांच्या वर गेलं की फेटणं फुकट. खडे कशाचे? गरम चॉकलेट थंड क्रीममध्ये पडलं आणि मिसळायच्या आत गोठलं. उकळत्या पाण्याची वाफ भांड्यात शिरली असेल तर आणखी वाईट, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले तरी ते आवळून घट्ट गोळा होतं. दोन्हीवर उपाय एकच.

सगळं मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर घ्या. उकळू द्यायचं नाही, बोट बुडवता आलं पाहिजे इतपतच गरम. आणखी १५० ते २०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून त्यात घाला, गॅस बंद करा, गुळगुळीत होईपर्यंत ढवळा. गाळून घेतलंत तर उत्तम. साखर आता अजिबात नको, कंपाउंडमध्ये भरपूर असते. उलट चिमूटभर मीठ आणि चमचाभर कडक कॉफी घाला, म्हणजे गोडी जरा दबेल. मग झाकून रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात मागच्या बाजूला.

उद्या सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत, परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात भांडं ठेवा आणि हँड बीटरने फेटा. बीटर नसेल तर वायरची व्हिस्क. रंग फिका झाला आणि उचललेली धार वर उमटून राहिली की लगेच थांबा. पुढे गेलात तर लोणी सुटून रवाळ होईल. झालंच तर घाबरू नका, पुन्हा कोमट करून पुन्हा थंड करून फेटता येतं.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी १९९५ मध्ये याच तत्त्वावर नुसतं पाणी आणि चॉकलेट घेऊन फेस करून दाखवला होता. साधारण २०० मिली पाण्याला सव्वादोनशे ग्रॅम चॉकलेट. ना अंडं, ना क्रीम. ल्योनवाल्यांनी करून बघावं.

ल्योनची_लेक
केलंय. चव तीव्र डार्क चॉकलेटची लागते, चांगलं लागतं. पण मूस नाही ते.

हरभरा_हरभरा
अंड्याला पर्याय हवाय ना? काबुली चणे शिजवलेलं पाणी! २०१४ मध्ये फ्रान्समधल्याच एका गायकाने शोधलं. आटवून जरा दाट करा, गार करा, लिंबाचा थेंब घालून बीटरने दहा मिनिटं फेटा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा पांढराशुभ्र फेस येतो. कुकरमध्ये मीठ-सोडा घालू नका तेवढं. मी त्याची बिस्किटंही करते, मेयोनीजही करते, परवा तर

वऱ्हाडी_ठेचा
आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. पाहुणे खूश.

हरभरा_हरभरा
हसा. चॉकलेटमध्ये चण्याचा वाससुद्धा येत नाही.

कुल्फी_काकू
तुम्ही लोक फार किचकट करताय. घरगुती आइस्क्रीमला घालतो ती जीएमएस आणि सीएमसी पावडर आणा, कुठल्याही केकसामानाच्या दुकानात मिळते. दुधात शिजवा, गोठवा, फेटा. क्रीम लागतच नाही. अर्धा लिटर दुधाला एक मोठा चमचा जीएमएस आणि सीएमसी अगदी चिमूटभर.

पोळपाट_लाटणं
काकू, ते आइस्क्रीम झालं. त्यांना आइस्क्रीम नकोय.

कुल्फी_काकू
अकोल्यात ४३ डिग्रीला कोणाला आइस्क्रीम नको असतं?

श्रीखंडप्रेमी
मुळात माळकरी मंडळींना कशाला हे फ्रेंच लाड? मे महिना आहे, चक्का बांधा आणि आम्रखंड करा. ग्लासात भरलंत की दिसेलही छान. फक्त रस हापूसचाच.

पोळपाट_लाटणं
आम्रखंडाला केसर बरा. रंग टिकतो.

श्रीखंडप्रेमी
केसर?? मराठवाड्यातल्या का तुम्ही?

कैरीची_डाळ
आंब्याचा धागा दुसरीकडे काढा प्लीज. पिपेट, गाळून घेतलं, आता गुळगुळीत आहे. १७५ ग्रॅम घातलं कारण तेवढंच उरलं होतं. कॉफी नेस्कॅफे चालते ना? घातली आहे. पण आमच्याकडे सकाळी लाइट जाते, बीटर कसा चालवू?

पिपेट
चालते. लाइट जायच्या आत उठा, किंवा हाताने करा. आता चॉकलेट पुरेसं आहे, बर्फावर हातानेही होईल, फक्त दंड भरून येतील. घरात कुणी धडधाकट असेल तर त्याला द्या. लाइट जास्त वेळ गेली तर भरलेले ग्लास थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा. आणि पानं वाढताना बाहेर काढून ठेवू नका, जेवणं उरकल्यावरच काढा.

सोलापूरी_चादर
मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट वितळवता येतं का? कन्व्हेक्शन घेऊ की सोलो? बजेट दहा हजार.

कैरीची_डाळ
झालं!! नवऱ्याने फेटलं, सहाच्या आधी. व्हिडिओसारखं जाळीदार नाही, जरा जड आहे, पण चमचा पडत नाही. ग्लास भरून आत ठेवलेत. थँक्यू पिपेट. आता नवीनच भानगड. आज एकादशी आहे आणि बारापैकी पाच जणांचा उपास आहे म्हणे, हे मला आत्ता कळतंय. चॉकलेट उपासाला चालतं का?

पिपेट
घटकांमध्ये सोया लेसिथिन लिहिलेलं असतं. पुढचं तुमच्या सासूबाईंना विचारा, हे माझ्या शास्त्रात येत नाही.

माजघर
सोया म्हणजे कडधान्य. अजिबात चालत नाही.

श्रीखंडप्रेमी
म्हणून सांगत होतो, आम्रखंड.

वऱ्हाडी_ठेचा
साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळं समुद्रापलीकडून आलेलं, आन् ते चालते. कोको बी तिकूनच आला, मंग त्यानंच काय पाप केलं?

माजघर
साबुदाण्यावर बोलायचं काम नाही.