बेसनात सोडा? नको हो ताई!

इथे एका ताईंनी लिहिलंय की धुतल्यावर चेहरा बोटाखाली करकरला तरच स्वच्छ, आणि त्यासाठी बेसनात खायचा सोडा घालायचा. अहो, सोडा नका घालू! त्वचा मुळात जराशी आम्ल असते, पीएच (आम्लतेचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ५ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर आणि नेहमीच्या साबणाचा तर ९-१०, म्हणजे ते करकरणं मळ गेल्याचं नाही, वरचं तेलकट आवरणही गेल्याचं असतं. लिंबू उलट टोकाला, पीएच २, त्यानेही जळजळतंच.

आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी येतं तोवर ठीक, पण उन्हाळ्यात बोरिंगच्या जड पाण्यावर आलो की साबणाला फेसच येत नाही, मग आपण अजून घासतो, मी पण तेच करायचे, नाकाच्या बाजूला पापुद्रे सुटले आणि राजवाडा बाजारातून घरी येईस्तोवर गाल नुसते ताणलेले. आता सिंडेट बार आणते (दिसायला साबणाची वडीच, पण साबण नाही, कृत्रिम क्लेन्झरची), पीएच ५.५ लिहिलंय का बघून, रात्री एकदाच वापरते, सकाळी नुसतं पाणी, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. आणि हो, पाकिटावर "सौम्य" छापलंय म्हणून फसू नका, लहान मुलांचे कित्येक साबणसुद्धा ९ च्या पुढे असतात.