आठवड्याला दोनदा स्ट्रॉमिंग खाल्लं, आता बाळ अंगावर पितंय. काय करू? (मदत हवी आहे)

मंडळी, थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी मूळची मालवणची, तीन वर्षांपासून स्टॉकहोमला. इथे आल्या आल्या मासळीच्या दुकानात स्ट्रॉमिंग (इथल्या बाल्टिक समुद्रातला छोटा मासा) पाहिलं आणि डोळे भरून आले. वीतभरही नाही लांब, चंदेरी पोट, निळसर पाठ. हुबेहूब आपली तारली! शिवाय सामन (सॅल्मन) माशाच्या मानाने खूप स्वस्त. मग दर आठवड्याला एकदा-दोनदा घरात यायलाच लागलं. आईने दिलेलं तिरफळ घालून तिखलं, नाहीतर तांदळाच्या पिठात घोळवून तळायचं. पोट साफ करायचे, पण कातडी कधी काढली नाही. तारलीची कोण काढतं? गरोदरपणात तर जास्तच खाल्लं, तेलकट मासा बाळाच्या मेंदूला चांगला म्हणून.

लेक आता चार महिन्यांची आहे. मंगळवारी तिच्या तपासणीला गेले तेव्हा परिचारिकेने विचारलं, मासे खाता का? मी कौतुकाने स्ट्रॉमिंगचं नाव घेतलं, तर तिने हातातलं पेन खाली ठेवलं. इथला सरकारी सल्ला असा की मुलांनी, गरोदर आणि पाजणाऱ्या बायांनी, आणि ज्या बायांना पुढे मूल हवं असेल त्यांनी बाल्टिकमधलं स्ट्रॉमिंग वर्षातून फार तर दोन-तीन वेळा खावं. वर्षातून! मी महिन्याला सहा-सात वेळा खात होते. कारण त्यातलं डायऑक्सिन आणि पीसीबी, ही शरीरात साठत जाणारी विषारी रसायनं.

घरी येऊन वाचलं. युरोपने ठरवलेली मर्यादा ओलांडणारा बाल्टिकचा मासाही आपल्या देशात विकायची स्वीडनला सूट आहे, अट इतकीच की लोकांपर्यंत सल्ला पोचवायचा. माझ्या दुकानात बर्फावर ढीग मांडलेला असायचा, त्यावर एक चिठ्ठी नव्हती. याचा मला फार राग येतोय.

त्यात आईचा फोन. "मोरी गावता काय बघ, दूध येतला." आमच्याकडे बाळंतिणीला मोरीचं कालवण देतातच. मोरी म्हणजे शार्कच, आणि इथल्या जपून खायच्या माशांच्या यादीत शार्कही आहे, पाऱ्यामुळे. आईला कसं सांगू?

माझे प्रश्न: दूध पाजणं थांबवू का? रक्त तपासून घ्यावं का? कातडी काढून, जास्त शिजवून चालेल का? आणि तारलीची तहान भागेल असा दुसरा मासा कोणता?

प्रतिसाद १

ताई, आधी एक गोष्ट: दूध थांबवू नका. इथला सल्लाही पाजत राहा असाच आहे. मी अन्नातली रसायनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. स्टॉकहोमच्या आयांच्या दुधातली ही रसायनं 1970च्या दशकापासून मोजली जातात आणि तेव्हापासून पातळी कित्येक पटींनी उतरली आहे.

रक्ततपासणीने हाती काही लागणार नाही. आकडा आला तरी त्यावर औषध नाही. शरीरातलं डायऑक्सिन निम्मं व्हायलाच साधारण सात वर्षं लागतात. म्हणूनच हा सल्ला आठ-नऊ महिन्यांचा नाही, मुलगी लहान असल्यापासूनचा आहे. तुमच्या लेकीलाही तो पुढे लागू होईल.

शिजवून, तळून ही रसायनं मोडत नाहीत. ती चरबीत बसतात, आणि स्ट्रॉमिंगची बरीच चरबी कातडीखाली असते. कातडी काढली तर कमी होतात, जात नाहीत. बाल्टिकला बाहेरच्या समुद्राकडे डेन्मार्कजवळच्या अरुंद वाटाच आहेत, पाणी बदलायला काही दशकं लागतात, त्यामुळे जुनी घाण आतच फिरते. पीसीबी निसर्गात साचतंय हे 1966 साली स्टॉकहोमच्याच सोरेन येन्सन यांनी दाखवलं, तेही माशांत आणि समुद्री गरुडांत. वापर थांबून इतकी वर्षं झाली, तरी ते अजून माशात आहे.

बदली मासा म्हणाल तर अटलांटिकमधला सिल घ्या. जात तीच, हेरिंगच. कालमारच्या उत्तरेला बाल्टिकमध्ये पकडला की त्यालाच स्ट्रॉमिंग म्हणतात. पाकिटावर पकडल्याची जागा छापलेली असते. 27.3.d म्हणजे बाल्टिक, ते दिसलं की पाकीट दुकानातच परत ठेवून द्या. नॉर्वेचा मॅकरेल पण चालतो, तिरफळाबरोबर बांगड्यासारखाच लागतो. आईंना सांगा, मोरी मोठी शिकारी, म्हणून तिच्या अंगात पारा साठत जातो. बाळंतिणीला दुसरा मासा चालेल.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवसांनी नीट झोपले. आज मॅकरेल आणला. तुकडे करताना बांगड्याचाच वास आला. आईला कळवलं, ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "बरा, मग मोरी नको."

एकच राहिलं. फ्रीजरमध्ये स्ट्रॉमिंगची दोन पाकिटं आहेत. नवरा म्हणतो मी संपवतो. खाऊ देऊ का?

प्रतिसाद २ (प्रतिसाद १ वाली)

देऊ शकता. पुरुषांना आठवड्यातून एकदापर्यंत चालतं. फक्त दोन्ही पाकिटं एकाच आठवड्यात नकोत, आणि तळताना तुम्ही चाखू नका.