‘सिटडेल’ला बालेकिल्ला म्हणावे का?

माडाखाली
आमच्या रत्नागिरीतील वाचनमंडळाच्या पुस्तिकेसाठी मी युरोपातील तटबंदीच्या शहरांवरील एका लेखाचा अनुवाद करीत आहे. ‘सिटडेल’साठी, म्हणजे शहरात किंवा शहरालगत बांधलेल्या कोटासाठी, बालेकिल्ला हा शब्द मी डोळे झाकून वापरला आणि बेल्जियममधील अँटवर्पच्या परिच्छेदापर्यंत कुठेच अडले नाही. तिथे मात्र ‘१५७७ मध्ये नागरिकांनी बालेकिल्ल्याची शहराकडची बाजू पाडून टाकली’ असे वाक्य तयार झाले आणि मुद्रिते तपासणाऱ्या काकांनी समासात लाल शाईने लिहिले, ‘आपलाच बालेकिल्ला कोण पाडील? मूळ पुन्हा पाहावे.’ मूळ मी तीनदा पाहिले आहे, त्यात चूक नाही. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या स्पेनचा सेनापती आल्बाचा ड्यूक याने १५६७ मध्ये तो पंचकोनी कोट बांधायला घेतला, तो बाहेरच्या शत्रूइतकाच खुद्द शहराला धाकात ठेवण्यासाठी. पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी १५७६ मध्ये त्याच कोटातून शहरावर झडप घालून लूट आणि कत्तल केली, त्यामुळे पुढच्या वर्षी लोकांनी त्याला कुदळ लावली यात नवल नाही. मग याला बालेकिल्ला म्हणावे की दुसरा शब्द शोधावा?

पेठकिल्लेकर
काकांचे बरोबर आहे. फार्सी ‘बाला’ म्हणजे वरचा. राजगडाच्या तीन माच्या पडल्या तरी शेवटचा आसरा म्हणून वर जो उरतो, तो बालेकिल्ला. आमच्या रत्नदुर्गात भगवतीचे देऊळ आहे तो बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी वेगळी आणि मी वाढलो ती वस्ती पेठकिल्ल्याची. नवरात्रात ओटीचे तबक पदराखाली झाकून निघताना आजी ‘देवळात जाते’ असे कधीच म्हणत नसे, ‘वर जाऊन येते’ म्हणत असे. त्या ‘वर’मध्ये धाक नव्हता. तुमच्या अँटवर्पच्या कोटात ना उंची आहे ना आसरा.

जुनी वही
आम्हाला शाळेत गुरुजींनी ‘बाल किल्ला’, म्हणजे मोठ्या किल्ल्याच्या पोटातला लहान किल्ला, अशी फोड शिकवली होती आणि मला ती अजूनही पटते.

तळटीप
ती फोड चुकीची आहे. ‘बाला’ हा तोच शब्द, जो बालाघाटात आहे आणि ‘त्याने बालाबाला व्यवहार उरकला’ यातही आहे, म्हणजे मधल्याला वगळून वरच्या वर. काबूल आणि पेशावर येथील बालाहिसार किल्ल्यांची नावे याच घरातली. गंमत अशी की इटालियन ‘चित्तादेल्ला’चा अर्थ ‘छोटे शहर’ असा होतो आणि ‘सिटडेल’ त्यावरूनच आला. त्यामुळे गुरुजींची व्युत्पत्ती मराठीत खोटी असली तरी इटालियनमध्ये जवळजवळ खरी ठरते.

शुद्धोदक
शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फार्सी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून, आणि आपण साडेतीनशे वर्षांनी ‘बाला’वर खल करीत बसलो आहोत. ‘अंतर्दुर्ग’ हा नेमका, स्वच्छ शब्द उपलब्ध आहे. शिवाय निवडणुकीच्या बातम्यांनी बालेकिल्ल्याची इतकी माती केली आहे की तो शब्द वाचताना तट दिसत नाही, मतपेटी दिसते.

पेठकिल्लेकर
महाराजांच्या काळातही लोक बालेकिल्ला म्हणत होते आणि कोश झाल्यानंतरही म्हणत राहिले. ‘अंतर्दुर्गावरच्या भगवतीला नवस बोलले’ असे वाक्य एकदा आमच्या आळीत उच्चारून पाहावे.

पापडीची वाट
उंचीचा आग्रह कोकणाने केव्हाच सोडला आहे. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी १५३६ मध्ये आधी लहान कोट बांधला, मग त्याच्या भोवती शहर वाढले आणि त्या सगळ्याला मोठा तट आला. तो लहान कोट सपाट जमिनीवर असूनही आम्ही त्याला बालेकिल्लाच म्हणतो. पोर्तुगीज त्याच इटालियन शब्दावरून ‘सिदादेला’ म्हणत, म्हणजे तुमचा अनुवाद वसईत कधीच होऊन गेला आहे. शेवटच्या आसऱ्याचे म्हणाल, तर १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सुरुंगांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडल्यावर पोर्तुगीज शरण आले. आतल्या कोटाचा काही उपयोग झाला नाही.

तळटीप
आणि आसरा कोणाला, हेही विचारले पाहिजे. १६६४ मध्ये महाराज सुरतेवर गेले तेव्हा शहराचा मुघल अधिकारी इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात दार लावून बसला आणि शहर लुटले जात असताना किल्ल्यावरच्या तोफा डागल्या गेल्या त्या शहरावरच. भर शहरातला किल्ला शहराचा असतोच असे नाही, तो ज्याची शिबंदी त्याचा असतो. अँटवर्पपेक्षा हे उदाहरण काकांना लवकर पटेल.

शास्त्रीपूल
मला ‘कसबा’ सुचतो. आमचे कसबा संगमेश्वर सर्वांना ठाऊक आहे. त्याच अरबी शब्दाने अल्जीयर्समध्ये आधी शहरावर नजर ठेवणारा उंच गड ओळखला जाई आणि मग त्याच्या पायथ्याची सगळी जुनी वस्तीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे वस्ती उरली आणि गड गळून पडला.

शुद्धोदक
म्हणजे फार्सी काढून अरबी आणायचे. धन्य आहे.

जुनी वही
मुंबईकरांचे तेच झाले. १८६० च्या दशकात तट पाडले गेले, तरी माझे वडील कचेरीला जाताना ‘कोटात जातो’ म्हणत. बॉम्बे कॅसल नावाचा खरा आतला कोट आज नौदलाच्या आवारात आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते.

माडाखाली
सर्वांचे आभार. काकांना सुरतेचे उदाहरण सांगितले. ते म्हणाले, ‘इनायतखानाचा तो किल्ला, बालेकिल्ला नव्हे,’ आणि समासात ‘कोट’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले. पाने सोमवारी छापायला जातील. तोपर्यंत पेठकिल्लेकरांनी एवढे सांगावे की त्यांचा पेठकिल्ला म्हणजे पेठेचा किल्ला की किल्ल्यातली पेठ?

पेठकिल्लेकर
घरी यावरून दोन पिढ्या वाद चालू आहे. आजी पेठ म्हणत असे, वडील किल्ला म्हणतात आणि रिक्षावाला ‘खाली की वर?’ एवढेच विचारतो.