गाईला समुद्री शेवाळ द्यावं का?

निफाडकर: चार एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) गायी आहेत, गोळी पेंड (गोळ्यांचा तयार खुराक) वाढवली की शेण पातळ पडतं, एकजण म्हणतो शेवाळाची पावडर चालू कर. द्राक्षावर मारतो तो सीवीडचा (समुद्री शेवाळाच्या अर्काचा) कॅन घरात पडलाय, तोच चालेल का?

सिन्नरचा गोठेवाला: अहो तो फवारणीचा, पाजू नका बरं! खाद्याची पावडर वेगळी येते. तपकिरी शेवाळात लॅमिनारिन नावाचं कर्बोदक असतं, त्यावर आतड्यातले चांगले जंतू पोसतात, पण आयोडीन भरपूर, ते दुधातही उतरतं, म्हणून मिनरल मिक्श्चरमध्ये (खाद्यात देतो त्या क्षारांच्या पावडरीत) आधीच किती आहे ते बघा.

दिंडोरीकर: आधी कडब्याची कुट्टी वाढवा राव. पेंड एकदम वाढवली की पोटात आम्ल होतं, रवंथ कमी होतो, शेवाळ काय करणार त्याला.

निफाडकर: कॅन परत शेडमध्ये ठेवला 😄